निळं पिंप

मी पाणी प्यायच्या आधी त्याचा वास घेते. लग्नाची पंगत असो, डॉक्टरांचा दवाखाना असो की व्याह्यांचं घर, ग्लास ओठांशी नेला की आधी श्वास आत जातो, मग घोट. सुनेला सुरुवातीला वाटलं, मी तिच्या भांड्यांना नावं ठेवते. आमचं पहिलं वाजलं ते यावरूनच. नात आता सरळ म्हणते, "आजी, फिल्टरचं आहे ते, चिल." ठाण्यात सातव्या मजल्यावर राहते मी, पाणी पाइपातून चढून वर येतं, तरी नळाची पहिली धार मी सोडून देते आणि वाया गेली म्हणून हळहळते. एका जागी बसून लिहिणंही मला जमत नाही. हे प्रकरण लिहायला घेतल्यापासून चार वेळा उठून स्वयंपाकघरात जाऊन आलेय. पण हे लिहायला हवं. ज्या माणसाला सांगायचं होतं त्याला आता सांगून झालंय, तेव्हा कागदापासून लपवण्यात अर्थ नाही.

आम्ही तेव्हा डोंबिवलीत मानपाड्याच्या अलीकडे राहायचो. गावातल्या एका आगरी कुटुंबाने आपल्या भाताच्या खाचरांवर पत्र्याची चाळ बांधली होती, त्यातली कडेची खोली आमची. बाबा रत्नागिरीकडून आलेले, एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत हेल्पर. शिफ्ट संपवून घरी आले की त्यांचा बनियन पिवळा असायचा, उशीचा अभ्राही पिवळा, आणि कधीकधी ओठ जांभळट दिसायचे. "जांभळं खाल्लीत काय हो?" असं आई चेष्टेने विचारायची. मला आता त्या चेष्टेचा काटा येतो. सकाळी कंपन्यांचे भोंगे एकामागून एक वाजायचे, आणि आई त्यांच्यावर स्वयंपाक लावायची. पहिल्या भोंग्याला भाताचं आधण, दुसऱ्याला कुळथाच्या पिठीला फोडणी. घरामागून एक नाला जायचा. त्याचा रंग सोमवारी हिरवा असेल तर गुरुवारी तांबडा. आम्ही मुलं पैजा लावायचो, उद्या कुठला. हवेला तर कायमच कसला ना कसला वास. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला कळायचं नाही, यांना झालंय काय.

पण विहीर चांगली होती. चाळीच्या मधोमध, उंबराच्या सावलीत, काळ्या दगडाने बांधलेली. चाळमालकीण भीमाबाई. तिच्या सासऱ्याने ती खणलेली, त्यामुळे आमची खोली जशी तिची तशी आम्ही प्यायलेलं पाणीही तिचंच, असं ती मानायची आणि तसं बोलूनही दाखवायची. हातभर हिरवा चुडा, नऊवारी मांडीपर्यंत खोचलेली, आवाज असा की कप्पीची करकर त्यात बुडून जायची. पाण्याबाबत आईची एकच परीक्षा होती, तूरडाळ. गावची ती, खारट पाणी, जड पाणी, गोड पाणी तिला डाळीवरून कळायचं. "या विहिरीत डाळ दोन वाफांत मेण होते गं," ती शेजारणींना सांगायची, जणू विहीर तिच्या माहेरची. खोलीचं भाडं वाढलं तेव्हा बाबा दुसरीकडे बघू म्हणाले. आई म्हणाली, आधी तिथल्या पाण्यात डाळ शिजवून बघेन, मग बोला. विषय तिथेच मिटला.

उन्हाळ्यात विहीर खाली जायची आणि पाणी साठवून ठेवावं लागायचं. आमच्याकडे दोन हंडे, एक कळशी. कंपनीतली रिकामी निळी पिंपं तेव्हा घराघरांत मानाची वस्तू होती. ज्याच्या दारात निळं पिंप, त्याचं बरं चाललंय. आईने बाबांच्या मागे धोसरा लावला. गेटपास मिळवायला साहेबाच्या मागे फिरावं लागे, आणि बाबांना कोणापुढे उभं राहायचं म्हटलं की घाम फुटायचा. शेवटी भंगाराच्या टेम्पोवाल्याशी संधान बांधून, पुठ्ठ्यांच्या खाली दडवून, त्यांनी एक पिंप बाहेर काढलं आणि भर दुपारी घरी आणलं. आयुष्यात त्यांनी केलेली ही एकच चोरी. आईने पिंपाला चक्क ओवाळलं. बाबा म्हणाले, "आधी धुवा. तीन पाण्यांनी. आणि विहिरीपासून लांब नेऊन, कळलं?" आत काय होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. तळाशी पिवळसर, तेलकट ओघळ आणि वास बुटाच्या पॉलिशचा.

धुवायचं काम माझ्याकडे आलं. मी दहावीत, वर्गात दुसरी येणारी, स्वतःला फार शहाणी समजणारी. लांब म्हणजे नाल्याकाठी. पण नाल्याजवळ चांगलं पाणी कुठलं? विहिरीतून पोहरा ओढायचा, बादली भरायची, ती शंभर पावलं न्यायची, पुन्हा परत. मी दोन बादल्या नेल्या, हाताला फोड आला आणि मी पिंपच लोळवत विहिरीच्या कट्ट्यावर आणलं. चूल पेटवायच्या वेळेला बायका घरात होत्या, कोणी नव्हतं. राख आणि काथ्या घेऊन आत वाकून घासलं. धुवण कट्ट्यावर ओतलं. ते पिवळं पाणी उतारावरून मोरीकडे जाईल असं मला वाटलं होतं, पण उंबराच्या मुळाने कट्टा एके ठिकाणी फोडला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाणी त्या भेगेत वळलं, विहिरीकडे. मी राख टाकली, पाय लावला, वरून फडकं दाबलं. तिन्ही वेळचं पाणी तिथेच गेलं. मग मी पिंप घरी नेलं आणि आईला सांगितलं, झालं.

दुसऱ्या दिवशी भीमाबाईच्या घरी कार्य होतं. तिच्या सुनेला, ताराला, मुलगा झाला होता आणि सव्वा महिना भरला होता. त्यांच्याकडे रीत अशी, की बाळंतीण तोवर विहिरीवर जात नाही. त्या दिवशी ती नवं लुगडं नेसून बाळाला घेऊन जाते, विहिरीला हळदकुंकू वाहते, ओटी भरते, आणि पहिली घागर स्वतः ओढते. त्यातलं पाणी बोटावर घेऊन आजी बाळाच्या ओठांना लावते. म्हणजे बाळाची आणि विहिरीची ओळख झाली. उरलेल्या पाण्याने बाळाला न्हाऊ घालायचं. चाळीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या.  सकाळी मी माझा चहा मोरीत ओतला होता. आईने तिचा प्यायला आणि नाक वाकडं करून म्हणाली, पावडर बदलली वाटतं. कोणालाच काही कळलं नव्हतं, कारण आमच्या हवेलाच इतके वास की त्यात पाण्याचा वेगळा कोण ओळखणार? काय हुंगायचं ते फक्त मला माहीत होतं. खाई त्याला खवखवे.

ताराने घागर ओढली. कट्ट्यावर ठेवली. भीमाबाईने बोट बुडवलं आणि बाळाकडे वळली. बाळाचं तोंड उघडंच होतं, ते कप्पीकडे बघत होतं. आपण काय करायचं हे मी ठरवलंबिरवलं नाही. मी बायकांना ढकलत पुढे गेले, भीमाबाईचा हात झटकला आणि घागरीला लाथ मारली. घागर गडगडत जाऊन पायरीवर आपटली. कुंकू, तांदूळ, पाणी, सगळं एक झालं. एकच गलका उठला. पुढच्याच क्षणी आईची थप्पड कानाखाली बसली. तारा रडायला लागली, भरल्या घागरीला पाय लावला, अपशकुन केला. भीमाबाई माझ्या वेणीला धरून ओरडत होती, "कनाला केलास गो? कनाला? माजे नातवानं काय वाकरा केला होता तुजा?"

मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब मी आजवर किती वेळा मांडला असेल! तेवढ्यात उन्हाने तापलेल्या दगडांवर सांडलेलं पाणी वाळायला लागलं आणि त्याचा वास वर आला. पॉलिशचा, उग्र, डोक्यात जाणारा. भीमाबाईने माझी वेणी सोडली. ती खाली वाकली, दगडाला नाक लावलं, मग बोटाला. हळूच म्हणाली, "अगो बाय, यो तं कंपनीचा वास." दुपारपर्यंत आईला आणि चाळीतल्या दोघातिघांना उलट्या झाल्या होत्या. संध्याकाळी सगळं गाव कंपनीच्या गेटवर होतं. नाल्याचं घाणेरडं पाणी विहिरीत उतरलं, ही ओरड. आणि माझी कीर्ती तर चाळीबाहेर गेली. "पोरीला इहिरीनं सांगला," भीमाबाई भेटेल त्याला सांगत होती. "तिचे अंगान देव हाय."

घरी आईने मला दार लावायला सांगितलं आणि अंथरुणावरूनच विचारलं, "कुठे धुतलंस?"

"कट्ट्यावर."

 आई म्हणाली, "पिंप कुणाचं, विचारतील. गेटमधून कसं आलं, विचारतील. तुझ्या बाबांची नोकरी आणि ही खोली, दोन्ही एका दिवशी जाईल. कुंदे, तुला शप्पथ आहे माझी." बाबा त्या वेळी कंपनीतच होते. बाहेर गाव घोषणा देत होतं आणि आत ते, गेटच्या दुसऱ्या बाजूला. घरी आल्यावर ते मला रागावले नाहीत. मोरीपाशी पिंपाच्या बाजूला बसून राहिले, आणि पुढ्यातली भाकरी तशीच वाळून गेली.

इथे मला थांबून एक सांगायलाच हवं, नाहीतर लोक म्हणतील, बघा, कंपन्यांचा काही दोषच नव्हता. त्या नाल्याला मी हिरवा, तांबडा, जांभळा बघितलाय. त्यात मेलेले खेकडे बघितलेत. पावसाळ्यात तो फुगून भाताच्या खाचरांत शिरायचा आणि लोंबी पोचट राहायची. आजही कोणी मोर्चा काढला तर मी गुडघे दुखत असताना पुढच्या रांगेत उभी राहीन. नाला त्यांनीच मारला. पण विहिरीत त्या दिवशी जे उतरलं ते माझ्या हातून. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीच्या आड दुसरी लपवत मी माझी सगळी उमर काढली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकून झाकून घामेजली.

विहीर मेली नव्हती, हे महत्त्वाचं. गावातल्या पुरुषांनी पंप लावून ती उपसली, तळाचा गाळ काढला, चुना टाकला, पुन्हा उपसली. तोवर टँकर यायचा. त्या पाण्यात डाळ शिजतच नसे, दाणा दाण्याला सोडून राही आणि आई चुलीशी बसून चिडचिड करायची. तिसऱ्या उपशानंतर नवे झरे फुटले, पाणी चढलं. भीमाबाई मला हाताला धरून विहिरीवर घेऊन गेली. ओंजळीत पाणी दिलं. "सांग गो, बरा हाय का?" सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी खोल श्वास घेतला. वास नव्हता, खरंच नव्हता. ओला दगड आणि शेवाळ, बस. मी मान हलवली आणि मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, अंगात येतंय. त्या दुपारी आईने विहिरीच्या पाण्यात मूठभर डाळ लावली आणि दोन वाफांनी झाकण काढून मला हाक मारली. डाळ मेण झाली होती. मी ती नुसतीच, वर मीठ घालून, वाटीभर खाल्ली. इतकं सुटल्यासारखं मला पुढे दहावीच्या निकालानेही वाटलं नाही.

मग कंपनीचा टेम्पो आला. मोर्च्याने घाबरलेल्या कंपनीने मोठं मन दाखवलं होतं. पाणी साठवायला प्रत्येक खोलीला एक रिकामं निळं पिंप, भेट म्हणून. टेम्पोतून पिंपं उतरली तेव्हा चाळीत दिवाळी. ज्यांच्या दारात कधी पिंप येणार नव्हतं त्यांच्याही दारात आलं. बायका झाकणं उघडून आत बघत होत्या, नाकं मुरडत होत्या, आणि काथ्या, राख, चिंच घेऊन धुवायला निघाल्या. कुठे? पाणी जिथे तिथेच. विहिरीच्या कट्ट्यावर एकेक पिंप लोळत यायला लागलं.

भीमाबाईला काहीतरी वाटलं असावं. ती कमरेवर हात ठेवून कट्ट्यावर उभी राहिली, बायकांना थांबवलं, आणि मला हाक मारली. "कुंदा, तुना कलतं पान्याचा. पिंपा इकरं धुवली त चालंल का?"

बाबा दारात उभे होते. आई त्यांच्या मागे. नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. पण नाही म्हटलं की का, आणि का म्हटलं की तुला कसं माहीत. उंबराच्या मुळाची भेग माझ्या पायापासून हातभर होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बायका उन्हात ताटकळत होत्या, एकीचं मूल कडेवर रडत होतं, आणि मला तिथून निघून जायचं होतं, बाकी काही नाही.

मी म्हणाले, "चालेल."

दिवसभर राखेचा आणि काथ्याचा खर्रखर्र आवाज येत होता. मी घरात पुस्तक उघडून बसले, उठले, बसले, पुन्हा उठले. आई पाठमोरी होती. ती एकदाही माझ्याकडे वळली नाही. त्यानंतर विहीर कधीच उठली नाही. उपसली की आठ दिवस बरी, मग वास. पाऊस पडला की जमिनीत मुरलेलं पुन्हा वर. पाणी खालून खालून फिरत राहतं, त्याला आपण काल टाकलेलं विसरता येत नाही, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. दोन वर्षांनी नळ आला तेव्हा भीमाबाईने हट्ट धरला, पहिला नळ कुंदाच्या हाताने सोडायचा. हार घातला मला. मी नळ सोडला, टाळ्या वाजल्या. बाबा गर्दीत सगळ्यात मागे उभे होते, टाळी न वाजवता.

लग्न होऊन मी ठाण्याला आले. नवरा वागळे इस्टेटमध्ये कामाला, मी पुढे बालवाडीत शिकवायला. पण मानपाड्याचं बोलावणं कधी चुकलं नाही. त्या बाळाचं नाव हिरामण. दर वाढदिवसाला मी जायचं, त्याच्या ओठांना पाण्याचं बोट लावायचं, ही भीमाबाईची नवी रीत. भीमाबाई गेली, तारा गेली, रीत राहिली. चाळ पाडून इमारत झाली, विहिरीवर स्लॅब पडला आणि स्लॅबवर जनरेटर. हिरामण आता पन्नाशीला टेकला, पाण्याच्या टँकरचा धंदा करतो. शेजारीच बोअर मारलीय, उन्हाळ्यात त्याचा फोन थांबत नाही. माझ्यासारखा पुण्याईवाला हात नाही म्हणतो. प्रत्येक नव्या टँकरचा नारळ मीच फोडायचा, आणि मी तो फोडत आले.

गेल्या महिन्यात त्याने बोलावलं. नवा टँकर, म्हणजे जुनाच, एमआयडीसीत कोणाकडून तरी स्वस्तात घेतलेला. हार घालून उभा होता. हिरामणने पाइप घेतला, टाकीचं झाकण उघडलं आणि हसत म्हणाला, "मावशी, आंदी धुवून घेतू. इकरंच धुवला त चालंल ना?" बोअरचं तोंड तिथून चार पावलांवर. टाकीतून वास आला. वेगळा होता, पॉलिशचा नव्हता, पण कंपनीचाच.

"नाही," मी म्हणाले. "नाही चालणार."

तो थांबला. मग मी सगळं सांगितलं. पिंप, टेम्पो, भेग, घागर आणि ते "चालेल". टँकरच्या सावलीत उभ्या उभ्या, नारळ हातात धरून.  शेवटी त्याने इतकंच विचारलं, "आजीला कदी सांगलाव?"

"नाही."

त्याने पाइप गुंडाळला. ड्रायव्हरला म्हणाला, टँकर इथून काढ. मला रिक्षात बसवून दिलं, पैसे आधीच देऊन, पण पायाला हात लावला नाही. नारळ माझ्याच पिशवीत राहिला.

त्याच्या बायकोचा नंतर फोन आला होता. टँकर ज्याच्याकडून घेतला त्याला परत दिला म्हणे, पैसे अडकलेत. गेल्या आठवड्यात हिरामणचा वाढदिवस झाला. या वेळी बोलावणं आलं नाही. मी सकाळपासून साडी काढून ठेवली होती, दर वर्षीसारखी, आणि दुपारपर्यंत फोनभोवती घुटमळत होते. मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. मग साडी घडी करून कपाटात ठेवली आणि ग्लासभर पाणी घेतलं, आधी वास, मग घोट.